निंबा: लोखंडाच्या डोंगराभोवती सात दिवस

गिनी, लायबेरिया आणि कोत दिव्हार या तीन देशांच्या सीमा जिथे भिडतात, तिथे निंबा नावाची डोंगररांग आहे. लांबी जेमतेम चाळीस किलोमीटर, पण पायथ्याच्या पाचशे मीटर उंचीच्या मुलखातून ती भिंतीसारखी हजार-बाराशे मीटर वर उठते. सर्वांत उंच शिखर मों रिशार-मोलार, १७५२ मीटर, म्हणजे कळसूबाईपेक्षा शंभरेक मीटर जास्त. १९५१ साली याच डोंगरावर अपघातात गेलेल्या एका फ्रेंच भूगोलतज्ज्ञाचं नाव त्याला दिलं आहे.

रांगेचा गाभा लोहखनिजाचा. त्यामुळे इथला डोंगर बघताना खाण टाळता येत नाही आणि खाण समजून घेताना सीमारेषा टाळता येत नाही. बहुतेक जण लायबेरियाच्या राजधानीतून, मोनरोव्हियाहून, सरळ डोंगर गाठतात. आम्ही ज्या बंदरातून खनिज बाहेर जातं तिथून सुरुवात केली आणि त्याच्या उलट्या वाटेने वर गेलो. नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा होता. पाऊस सरलेला, रस्ते वाळलेले आणि सहाराकडून येणारा धुळीचा हरमतान वारा अजून सुरू न झालेला. जानेवारीत रस्ते आणखी चांगले असतात, पण धुरळ्यात पाच किलोमीटरवरचा डोंगर दिसत नाही. डोंगर बघायचा असेल तर नोव्हेंबर सोडू नका.

पहिला दिवस: रॉबर्ट्सफील्ड ते ब्युकॅनन

रॉबर्ट्सफील्डचा विमानतळ मोनरोव्हियात नाही, शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर हार्बेलला आहे. ब्युकॅननला जायचं असेल तर राजधानीत शिरायची गरजच नाही. बाहेर पडल्यावर लगेच फायरस्टोन या अमेरिकी टायर कंपनीचा रबराचा मळा लागतो. १९२६ चा करार, ९९ वर्षांची मुदत, दहा लाख एकरांपर्यंत जमीन घेण्याची मुभा. लायबेरियात परदेशी कंपनीशी करार कसा होतो याचा हा पहिला नमुना. पुढचे सगळे त्याच्याच सावलीत झाले.

ब्युकॅननचं बंदर खनिजासाठीच बांधलेलं. निंबापासून इथवर २६७ किलोमीटरचा लोहमार्ग आहे आणि त्याला १९६३ पासून एकच मुख्य काम: भरलेली गाडी खाली आणायची, रिकामी वर न्यायची. बंदराच्या फाटकाशी फोटो काढू नका, कॅमेरा काढून घेतात. रुळांचे फोटो गावातल्या फाटकावर विचारून काढता येतात.

गावाच्या एका टोकाला फांटी टाउन, घानाकडून आलेल्या फांटी कोळ्यांची वस्ती. इथल्या बायका पिंपांच्या भट्ट्यांवर जाळ्या टाकून मासळीला धुरी देतात. लहान माशाची धुरी दिलेली ‘बोनी’ देशभर रश्शात पडते. आपल्याकडच्या सुकटीसारखीच तिची कामगिरी: चिमूटभर घातली की भांडंभर वास.

दुसरा दिवस: गांटापर्यंत

दिवसभराचा प्रवास, सांगण्यासारखं थोडं. हार्बेलला परत येऊन मळ्यातून काकाटाला निघालं की मोनरोव्हियाची कोंडी टळते. पुढे ग्बार्न्गा आणि मग गांटा, सगळा डांबरी रस्ता.

काकाटाजवळ बाँगच्या जुन्या जर्मन खाणीकडे फाटा जातो. लायबेरियात एका पिढीत चार मोठ्या लोहखाणी उघडल्या: बोमी हिल्स १९५१, मानो रिव्हर १९६१, निंबा १९६३, बाँग १९६५. यादवी युद्धाने उरलेल्या सगळ्या मिटल्या. मोनरोव्हियाच्या पश्चिमेकडच्या बोमी आणि मानो पट्ट्यात २०११ साली ५१ टक्के वाटा विकत घेणारी कंपनी होती गोव्याची सेसा गोवा. डिचोली-सांग्याच्या खाणपट्ट्यातलं हे नाव इथल्या कागदपत्रांत भेटतं तेव्हा जरा दचकायला होतं. २०१४ मध्ये इबोलाची साथ आली आणि ते काम थंडावलं.

गांटा हे सीमेवरचं बाजाराचं गाव. पलीकडे गिनी. रस्त्यावर दोनच वाहनं खरी: मोटरसायकल टॅक्सी, जिला इथे ‘पेन-पेन’ म्हणतात, आणि तीनचाकी ‘केके’. केके म्हणजे आपली बजाजची रिक्षा, वाळूजहून निघालेली. स्टेपनी कुठे असते हे ड्रायव्हरला दाखवावं लागत नाही, उलट तोच आपल्याला शिकवतो.

सोबत काय हवं ते गांटातच घ्या. डॉलरच्या नोटा नव्या आणि न दुमडलेल्या ठेवा, जुन्या किंवा फाटक्या कोणी घेत नाही. पुढे येकेपाला आणि बोसूला एटीएमच्या भरवशावर राहू नका. पीतज्वराच्या लसीचं पिवळं कार्ड पासपोर्टच्याच पिशवीत असू द्या, ते तपासणी नाक्यांवरही मागतात. मलेरियाच्या गोळ्या निघण्याआधीच सुरू केलेल्या असाव्यात.

तिसरा दिवस: सॅनिक्वेली आणि जीबी

गांटाहून सॅनिक्वेली तासाभराच्या आत. हे निंबा काउंटीचं मुख्य ठिकाण, दिसायला साधं तालुक्याचं गाव. जुलै १९५९ मध्ये लायबेरियाचे टबमन, घानाचे एन्क्रुमा आणि गिनीचे सेकू तुरे या गावात बसले आणि आफ्रिकी देशांच्या संघटनेचा आराखडा बोलले. चार वर्षांनी आफ्रिकी ऐक्य संघटना झाली.

दुपारचं जेवण इथेच करा, कारण निंबाचा खरा पदार्थ ‘जीबी’ इथे चांगला मिळतो. कसावा उकडून लाकडी उखळात लांब मुसळाने कुटतात. हा तोच कंद, ज्याच्यापासून आपला साबुदाणा बनतो. कुटताना कंदातल्या मधल्या शिरा काढून टाकाव्या लागतात. त्या राहिल्या की गोळ्यात दोरे येतात आणि घशात अडकतात. नीट कुटलेला गोळा पांढरा, चकचकीत आणि ताणला जाणारा असतो. त्याच्या भोवती तिखट पातळ रस्सा, त्यात भेंडी, तीळ, मासा, मटण, जे असेल ते. खायची रीत अशी: चमच्याने गोळ्याचा घास तोडायचा, रश्शात बुडवायचा आणि गिळायचा. चावायचा नाही. परका माणूस हमखास चावतो आणि गोळा दाताला चिकटून बसतो. खानावळीच्या बाई हे ओळखूनच असतात. “स्वॅलो, स्वॅलो,” म्हणत त्या समोर उभ्या राहतात आणि पहिला घास नीट उतरला की हलतात. वयस्क बाईला इथे ‘ओल्ड मा’ आणि पुरुषाला ‘ओल्ड पा’ म्हणायचं. नावाने हाक मारणं उद्धटपणाचं. हस्तांदोलनाच्या शेवटी दोघांची मधली बोटं एकमेकांत अडकवून चुटकी वाजवतात. वाजली नाही तर पुन्हा करतात.

संध्याकाळी येकेपा. झाडीतून अचानक सरळ रस्ते, एकसारखी घरं आणि एरिया अमुक, एरिया तमुक अशी अक्षरांची पेठांना नावं. खाणकंपनीने जंगलात आखून वसवलेलं गाव हे, आणि तशा गावाचा कोरडेपणा साठ वर्षांनीही गेलेला नाही.

चौथा दिवस: खाण आणि निळं तळं

१९५५ मध्ये सँडी क्लार्क नावाचा स्कॉटिश भूगर्भतज्ज्ञ लायबेरियाच्या बाजूने डोंगर चढला आणि माथ्यावर उच्च प्रतीचं खनिज असल्याचं त्याने सांगितलं. आठ वर्षांत लॅम्को ही लायबेरियन-अमेरिकन-स्वीडिश कंपनी खाण, रेल्वे आणि बंदर घेऊन उभी राहिली. भर ओसरली नव्हती तेव्हा वर्षाला एक कोटी टनांहून जास्त माल ब्युकॅननला उतरत होता. १९६६ मध्ये कामगारांचा मोठा संप झाला. गाव आखीव असलं तरी पगाराची दरी सगळ्यांना दिसत होती.

खनिज असं बनलं. मूळ खडक इटाबिराइट, दोन अब्ज वर्षांहून जुना. गारेचा एक पातळ पांढरा थर, लोहाचा एक काळा, पुन्हा पांढरा, पुन्हा काळा, काही थर नखाएवढे जाड तर काही कागदाएवढे. यात लोखंड साधारण ३५ ते ४० टक्के. लाखो वर्षांच्या उष्ण पावसाने माथ्याजवळच्या खडकातली सिलिका विरघळून वाहून गेली, लोह मागे राहिलं आणि प्रमाण साठ टक्क्यांच्या वर गेलं. अशा खनिजाला फक्त फोडायचं आणि भरायचं. ही क्रिया वरून खाली होते म्हणून चांगला माल माथ्याशी सापडतो, आणि म्हणून खाण डोंगराचा पाय सोडून डोकंच खाते. लॅम्कोने रांगेचं लायबेरियातलं टोक तसंच उतरवलं.

गोव्याच्या खाणीतला माल आणि कोकणातल्या सड्याचा जांभा या क्रियेचे जवळचे नातेवाईक. इथेही उतारांवर आणि पायथ्याला लोहाचं टणक कवच आहे. चालताना ते कोकणातल्या कातळासारखं वाजतं.

दोन स्वस्त वस्तू जवळ ठेवा: एक लोहचुंबक आणि बाथरूमच्या टाइलचा तुकडा, ज्याची मागची बाजू बिनचकाकीची असते. दगड टाइलवर ओढा. लालसर तपकिरी रेघ आली तर हेमॅटाइट, पिवळट आली तर गोथाइट, काळी आली आणि चुंबकही चिकटला तर मॅग्नेटाइट. वजनही सांगतं. हेमॅटाइट गारेच्या जवळपास दुप्पट जड, त्यामुळे मुठीएवढा दगड उचलताना मनगट आधी फसतं. होकायंत्रावर मात्र इथे विसंबू नका. मॅग्नेटाइटच्या खडकाजवळ सुई हवी तिकडे वळते. आमच्या वाटाड्याने होकायंत्र बघितलं आणि नुसतं हसून खिशात घालायला लावलं.

जुन्या खाणीच्या खड्ड्यात आता ब्लू लेक आहे. येकेपाहून पेन-पेनने वर जाता येतं, शेवटचा टप्पा पायी. भोवती बाकांसारख्या पायऱ्या कापलेल्या. ते खाणीचे टप्पे, एकावरून फोडलेला माल दुसऱ्यावर भरायचा. मधे निळं, स्थिर, खोल पाणी. काठ उथळ होत जात नाही, एका पावलात तळ नाहीसा होतो, म्हणून पोहायला उतरू नका. टप्प्यांच्या कडाही सुट्या आहेत, तोल सांभाळत टोकाशी जाऊन फोटो घेण्यासारखी ती जागा नाही. वर वाऱ्यात गवताचा आवाज आणि खाली लाल भिंतींतून झिरपणारं पाणी. साठच्या दशकात इथे शिखर होतं, हे गावातले ओल्ड पा हवेत हात उंच करून दाखवतात.

चांगला माल संपत आला, भाव पडले आणि १९८९ मध्ये लॅम्कोने गाशा गुंडाळला. त्याच वर्षी २४ डिसेंबरला चार्ल्स टेलरचे बंडखोर कोत दिव्हारमधून याच काउंटीत, बुटुओला घुसले. पुढची चौदा वर्षं यादवी युद्ध चाललं आणि रूळ गवताखाली गेले. २००५ मध्ये मित्तल स्टीलने करार केला, रेल्वे पुन्हा उभी केली आणि सप्टेंबर २०११ मध्ये पहिलं जहाज भरलं. हा माल जवळच्या टोकादेह डोंगरातला. तिथलं सोपं खनिज उरकत आल्यावर कमी प्रतीचा इटाबिराइट दळून समृद्ध करायचा कारखाना बांधायला घेतला, तोही २०१४ च्या इबोलात अडकला आणि वर्षानुवर्षं लांबला. बारीक ओला माल जहाजात भरणं धोक्याचं असतं. ओलावा ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की लाटांच्या हादऱ्याने माल चिखलासारखा वाहू लागतो आणि जहाज कलंडतं. पावसाळ्यात बंदरातले ढीग झाकून, तपासून मगच भरायचे, हे वेळापत्रक इथला पाऊस ठरवतो.

चालू खाणीत परवानगीशिवाय जाता येत नाही. मागितल्यावर मिळेल अशीही आशा ठेवू नका. ब्लू लेक पुरेसं आहे.

पाचवा दिवस: सीमा ओलांडून बोसू

येकेपाहून गिनीतलं बोसू हाकेच्या अंतरावर. चौकी लहान. सकाळी निघा, बाहेर पडल्याचा शिक्का आधी लायबेरियाच्या बाजूला घ्या, मग पुढे जा. शिक्का राहिला की पलीकडचा अधिकारी परत पाठवतो. गिनीचा व्हिसा आधीच काढलेला हवा, इथे मिळत नाही. चौकी ओलांडल्यावर इंग्रजी संपते, फ्रेंच सुरू होते. पण बाजारातल्या बायका दोन्हीकडे त्यांची मानो भाषाच बोलतात. १८९२ आणि १९०७ चे करार फ्रान्स आणि लायबेरियात झाले, रेघ या माणसांच्या शेतांतून गेली.

बोसूचे चिंपांझी जगप्रसिद्ध आहेत. तेलताडाचं कडक बी दगडाच्या ऐरणीवर ठेवून दुसऱ्या दगडाने ते फोडतात. क्योतो विद्यापीठाचा अभ्यास १९७६ पासून. पिल्लं तीन ते पाच वर्षांच्या वयात ही कला शिकतात. तेव्हा जमली नाही तर पुढे सहसा जमत नाही. गंमत म्हणजे सहा किलोमीटरवर निंबाच्या पायथ्याला सेरिंगबाराचे चिंपांझी आहेत, त्यांना दगड आणि बिया समोर ठेवून दिल्या तरी ते फोडत नाहीत.

पाहायला जाताना मुखपट्टी लावणं आणि अंतर ठेवणं आवश्यक. २००३ च्या अखेरीस श्वसनाच्या साथीत १९ पैकी ५ चिंपांझी गेले. आता टोळी बोटांवर मोजण्याइतकी उरली आहे. सर्दी असेल तर जाऊ नका, वाटाड्या नकार देईल आणि तो बरोबर असेल. मानो लोक या चिंपांझींना पूर्वजांच्या नात्यातलं मानतात, म्हणूनच गावाला लागून ते इतकी वर्षं टिकले. पण सप्टेंबर २०२४ मध्ये एका चिंपांझीने तान्हं बाळ मारल्यावर जमावाने संशोधन केंद्राची नासधूस केली. शेतावर जाणाऱ्या बाईला पूर्वज आणि धोका एकाच वाटेवर भेटतात. तेव्हा केंद्राची आणि गावाची परवानगी घेऊन, गाव सांगेल त्या वेळीच जा.

जेवण भात आणि शेंगदाण्याचा रस्सा. नाश्त्याला जवळच पिकणारी कॉफी, काळी, दाट, भरपूर साखरेची.

सहावा दिवस: माथ्यावरचं गवत

निंबाची गिनीकडची आणि कोत दिव्हारकडची बाजू कडक राखीव क्षेत्र आहे. इथे पर्यटन हा हक्क नाही. निंबा आणि सिमांडू या गिनीतल्या दोन लोहाच्या डोंगरांच्या पर्यावरणाचं काम बघणाऱ्या सरकारी केंद्राकडून परवाना, सोबत त्यांचा वाटाड्या, ठरलेली वाट. कागदाला दोन-तीन दिवस लागू शकतात, म्हणून पोचण्याआधी अर्ज करा.

पहाटे पाचला सुरुवात. पायथ्याला कॉफी आणि केळीची शेतं, मग दाट जंगल. नऊशे मीटरांच्या आसपास ढगाची पातळी लागते. सकाळी बहुतेक दिवस पांढरी भिंत असते आणि झाडांच्या फांद्यांवर शेवाळ लोंबतं. त्याच्या वर झाडी एकदम संपते आणि सुरू होतं ते माथ्याचं आखूड गवत, घड्यांमध्ये मात्र ओहोळांच्या कडेने झाडोरा टिकून. चढ शेवटी उभा आहे, आणि लोहाचं कवच दवाने ओलं असलं की त्यावर बुटांचे कठीण तळवे घसरतात. मऊ रबरी तळव्याचे जोडे घाला. पाणी माणशी तीन लिटर, वर ओहोळ असले तरी. नऊ-दहाला ढग उठला तर शिखर मोकळं होतं, नाही तर होत नाही. वर पोचल्यावर धुक्याला घाई नसते, आपल्यालाच खाली उतरायचं असतं, तेव्हा बारानंतर थांबू नका.

निंबाच्या अंगावर पन्नासेक झरे निघतात. कॅव्हली नदी इथलीच, पुढे ती लायबेरिया आणि कोत दिव्हारची सीमा होते.

या गवतात निंबाचा टोड राहतो. जगात फक्त इथेच, बाराशे मीटरांच्या वर. दोनेक सेंटिमीटरचा हा बेडूक अंडी घालत नाही, पाण्यात बेडूकमासे सोडत नाही. मादीच्या पोटात नऊ महिने पिल्लं वाढतात, तिच्याच गर्भाशयातल्या स्रावावर पोसली जातात आणि पूर्ण बेडूक होऊन जूनच्या सुमाराला बाहेर येतात. कोरड्या महिन्यांत मादी गर्भ घेऊन जमिनीत शिरते. म्हणजे नोव्हेंबरअखेरीस त्या आमच्या पायांखाली होत्या. वाटाड्याने सांगितलं, “इथून पुढे दगडांवरून चाला.” मातीच्या भेगांवर पाय न देता चालण्याची ती गोष्ट आधी विचित्र वाटते, मग अंगवळणी पडते.

आणि पायाखालचा तो दगड चौथ्या दिवशी टाइलवर ओढलेलाच. फ्रेंचांनी १९४३-४४ मध्ये त्यांच्या बाजूला राखीव क्षेत्र जाहीर केलं. लायबेरियाच्या बाजूला १९५५ मध्ये खनिज सापडलं आणि तिथे राखीव काही नव्हतं. खडक एक, गवत एक, बेडूकही एकच, पण माथ्याचं काय झालं ते सीमारेषेच्या कोणत्या अंगाला आहात त्यावर ठरलं.

सातवा दिवस: लोला आणि न्झेरेकोरे

परतीचा दिवस, गिनीतून. लोला लहान, न्झेरेकोरे मोठं. तिथून कोनाक्री हजारेक किलोमीटर, रस्ता लांब आणि खड्ड्यांचा. त्यापेक्षा गांटाकडे वळून लायबेरियातून परतणं सोपं. गिनीच्या निंबाचं दुखणं हेच आहे. समुद्र सर्वांत जवळ ब्युकॅननला, म्हणजे परदेशात.

खनिज इथेही आहे आणि प्रत उत्तम आहे. राखीव क्षेत्र १९८१ मध्ये जागतिक वारसा झालं, पण खाणीचा प्रस्ताव आणि निर्वासितांचा लोंढा यांमुळे १९९२ मध्ये धोक्यातल्या यादीत गेलं. पुढच्या वर्षी १५५० हेक्टरांचा खाणपट्टा वारशाच्या सीमेबाहेर काढला. मालक बदलत गेले, खाण अजून उघडली नाही. दुसरीकडे, उत्तरेच्या सिमांडूसाठी गिनीने आपल्याच जमिनीवरून सहाशे किलोमीटरहून लांब रेल्वे बांधवली. निंबाच्या मालासाठी मात्र येकेपाच्या जुन्या रुळांचीच चर्चा आहे, आणि २०१९ पासून दोन देशांत तसा करारही आहे.

त्या खाणपट्ट्यात जाता येत नाही. तिथे सत्तर-ऐंशीच्या दशकांत खनिजाचा अंदाज घ्यायला खोदलेले आडवे बोगदे आहेत. खाण झाली नाही आणि बोगद्यांत वटवाघळं राहायला आली. २०१८ मध्ये त्यांची मोजणी चालू असताना जाळ्यात एक नारिंगी वटवाघूळ सापडलं, पंख काळे, पंखांतल्या बोटांची कातडी पुन्हा नारिंगी. २०२१ मध्ये ती नवी जात म्हणून जाहीर झाली, नाव मायोटिस निंबाएन्सिस. ते बोगदे आता ढासळू लागले आहेत, म्हणून वटवाघळांसाठी डोंगरात नवे बोगदे बांधून दिले जात आहेत.